इरास्मस पंडित : हंसणारा ख्रिस्ती शास्त्री

बाजारांत किंवा चावडीवर आपल्या धर्माची थट्टा कानीं पडली म्हणजे भाविक मनुष्याचें मन पोळून निघतें. कधीं कधीं मंडळींतीलच एखादा बंधु उपदेशकाच्या लांबलेल्या प्रार्थनेवरून अथवा पंचांच्या भांडणावरून विनोद करितो. मग अर्धे लोक हंसतात, व अर्धे म्हणतात कीं ही देवनिंदा झाली. धर्माच्या बाबतींत हंसणें हें सर्वथैव पापच आहे काय? कोणतें हंसणें अंतःकरण शुद्ध करितें, व कोणतें देवाचा अपमान करितें? हा प्रश्न आजचा नव्हे. पांचशें वर्षांपूर्वीं युरोप खंडांतील एका मोठ्या पंडितानें आपलें सारें आयुष्य ह्याच प्रश्नाच्या कांठावर काढिलें. त्याच्या लेखणीनें राजे हंसले, बिशप हंसले, विद्यार्थी हंसले. आणि त्याच लेखणीमुळें दोन्ही पक्षांनीं त्याला पाखंडी म्हटलें. त्याचें नांव डेसिडेरियस इरास्मस.

जन्म व बाळपण

इरास्मस ह्याचा जन्म हॉलंड देशांतील रॉटरडॅम शहरीं सन १४६६ च्या सुमारास झाला. त्याचा बाप गेरार्ड हा धर्माधिकारी वर्गांतील होता, व आई मार्गारेट ही एका वैद्याची कन्या होती. त्यांचा विवाह झालेला नव्हता. आणि त्या काळच्या नियमाप्रमाणें अशा मुलास धर्मकार्यांतील मानाची जागा मिळविण्यास पोपची खास परवानगी लागे. हा डाग इरास्मसाच्या मनाला जन्मभर टोंचत राहिला. तो पन्नाशीला टेकला असतां, १५१७ सालीं, पोप दहावा लिओ ह्याच्याकडून त्याला पूर्ण मोकळीक मिळाली. जन्मावरून मनुष्यास हिणविलें म्हणजे काय वाटतें, हें आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

डेव्हेंटर येथील शाळेंत तो शिकत असतां तेथें महामारी आली. प्रथम आई गेली, मग थोड्याच काळांत बापही गेला. पोरक्या झालेल्या त्या दोघां भावांस पालकांनीं मठांत जाण्यास भाग पाडिलें. सन १४८७ च्या सुमारास इरास्मस गौडा शहराजवळील स्टाइन मठांत शिरला, व १४९२ सालीं त्याला दीक्षा मिळून तो याजक झाला. मठांतील ग्रंथालय त्याला आवडे. परंतु उपासतापास, मासळीचें जेवण व ठराविक विधींचें ओझें हीं त्याच्या नाजूक प्रकृतीला सोसत नसत. पुढें कांब्रे येथील बिशपाचा चिटणीस होऊन तो मठाबाहेर पडला, आणि १४९५ सालीं पॅरिस येथें शिकावयास गेला. तेथील विद्यार्थिगृहांत नासकीं अंडीं व ओलसर खोल्या ह्यांनीं त्याची प्रकृति ढांसळली. श्रीमंतांच्या मुलांना शिकवून तो पोट भरूं लागला. पुढें धर्माच्या नांवाखालीं चालणाऱ्या कोरड्या कर्मकांडाची त्यानें जी थट्टा केली, तिचें बीज ह्या दिवसांत पडलें.

इंग्लंडांतील मित्र

१४९९ सालीं आपल्या एका शिष्याबरोबर तो इंग्लंडांत गेला. तेथें त्याला दोन मित्र मिळाले. जॉन कोलेट हा ऑक्सफर्ड येथें पौलाच्या पत्रांवर व्याख्यानें देत असे. त्या काळचे पंडित एकेक वचन फोडून त्यावर शंभर वाद रचीत. कोलेट मात्र, एक जिवंत मनुष्य आपल्या मंडळीला काय लिहितो आहे, हें सरळ सांगे. दुसरा मित्र थॉमस मोर हा कायदेपंडित असून मोठा विनोदी व तितकाच भक्तिमान होता. ह्या दोघांच्या संगतीनें इरास्मसाच्या मनांत ठसलें कीं, प्रेषितांचा खरा अर्थ कळावयास त्यांची भाषा आली पाहिजे. तेव्हां तिशी उलटल्यावर तो ग्रीक भाषेच्या अभ्यासास लागला. खिशांत पैसा नसतांही तो ग्रीक पुस्तकें विकत घेई.

१५०३ सालीं त्याचें ख्रिस्ती शिपायाविषयींचें लहान पुस्तक प्रसिद्ध झालें. एका भाविक स्त्रीनें आपला उनाड नवरा सुधारावा म्हणून कांहीं तरी लिहून द्या, अशी विनंती केली, त्यावरून तें लिहिलें गेलें. त्याच्या ग्रीक नांवाचे अर्थ दोन : हातांतील खंजीर व हातांतील पुस्तिका. संतांच्या अस्थींना नमन करण्यापेक्षां त्यांच्या शीलाचें अनुकरण करावें, व बाहेरच्या विधीपेक्षां आंतील प्रीति श्रेष्ठ मानावी, हा त्याचा सारांश. ह्या पुस्तकांत हंसणें फारसें नाहीं. परंतु पुढें तो ज्यासाठीं हंसला, तें सारें त्यांत आहे.

१५०६ सालीं तो इटलींत गेला. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत पोप दुसरा जूलियस हा युद्ध जिंकून बोलोन्या शहरांत विजयी सेनापतीप्रमाणें थाटानें शिरला, तो देखावा इरास्मसानें प्रत्यक्ष पाहिला. हा पेत्राचा वारस कीं रोमच्या जूलियस सीझराचा, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला, आणि तो कांटा पुन्हां निघाला नाहीं.

मूर्खतेचें व्याख्यान

१५०९ सालीं आठवा हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला, व मित्रांनीं इरास्मसाला परत बोलाविलें. आल्प्स पर्वत घोड्यावरून ओलांडतांना मोराची आठवण येऊन त्याला एक कल्पना सुचली. मोर ह्या नांवाशीं मिळताजुळता ग्रीक शब्द मोरिया, म्हणजे मूर्खता. लंडनास मोराच्या घरीं पोहोंचल्यावर मूत्रपिंडाच्या दुखण्यानें तो अंथरुणास खिळला, आणि त्या पडल्या पडल्या त्यानें सुमारें एका आठवड्यांत मूर्खतेच्या स्तुतीचें पुस्तक लिहून काढिलें. तें १५११ सालीं पॅरिसमध्यें छापलें गेलें.

आपल्याकडे भारुडांत जसा गाणारा कोणाचें तरी सोंग घेतो, व त्या सोंगाच्या तोंडून जें उघड बोलतां येत नाहीं तें बोलून टाकितो, तशीच ह्या पुस्तकाची घडण आहे. मूर्खता नांवाची बाई व्यासपीठावर उभी राहून आपलीच स्तुति गाते. जगांत माझ्यावांचून कोणाचें चालत नाहीं, असें ती सांगते. व्यापारी, वकील, शाळामास्तर, कवि, राजे, दरबारी हे सर्व तिचे भक्त. खुद्द इरास्मसही तिच्या यादींतून सुटत नाहीं. मग ती देवळांत शिरते. सकाळीं संत ख्रिस्तोफराच्या मूर्तीचें दर्शन घेतलें म्हणजे त्या दिवशीं मरण येणार नाहीं, असें मानणारे. मरणोत्तर शुद्धीच्या आगींतील वर्षें, महिने व दिवस ह्यांचा वाण्यासारखा हिशेब मांडणारे. जोड्यांच्या गांठी किती व कमरपट्टा किती बोटें रुंद ह्यांवर मोक्ष टांगणारे मठवासी, हे सारे तिच्या दरबारांत हजर होतात. न्यायाच्या दिवशीं कोणी खाल्लेल्या मासळीचा ढीग पुढें करितो, कोणी म्हटलेल्या स्तोत्रांचीं पोतीं मोजून दाखवितो, तर कोणी सांगतो कीं, हातमोजे घातल्यावांचून मीं साठ वर्षांत पैशाला स्पर्श केला नाहीं. परंतु प्रभु त्यांना प्रीतीचा हिशेब विचारतो, आणि तो कोणापाशींच नसतो.

धर्मपंडितांविषयींचा भाग तर फारच तिखट आहे. देवाला स्त्रीचें, गाढवाचें, भोपळ्याचें अथवा गारगोटीचें रूप घेतां आलें असतें काय, असे प्रश्न त्या काळच्या विद्यापीठांत गंभीरपणें चर्चिले जात. मूर्खता त्यांना पुढचा प्रश्न विचारते : मग त्या भोपळ्यानें उपदेश कसा केला असता, व त्याला क्रुसावर कसें खिळलें असतें? वाचकहो, हें वाचून पुष्कळांच्या अंगावर कांटा आला. ही उघड देवनिंदा, असें ते म्हणाले. परंतु थोडा विचार करा. देवाच्या पुत्राच्या देहधारणेला शब्दांच्या खेळाचें साधन करून तासचे तास वाद घालणारा मनुष्य देवाचा मान राखितो, कीं त्या खेळाला हंसून तो बंद पाडणारा?

पुस्तकाचा शेवट मात्र वेगळा आहे. हंसतां हंसतां ती बाई पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राशीं येऊन पोहोंचते. क्रुसाचा संदेश जगाला मूर्खपणाच वाटतो. मुलें, गरीब, कोळी व अडाणी ह्यांनाच प्रभूनें जवळ केलें. शत्रूवर प्रीति करणें व मिळालेलें वांटून टाकणें हें शहाण्यांच्या हिशेबीं वेडच आहे. ह्या अर्थानें खरा ख्रिस्ती मनुष्य जगाच्या दृष्टीनें वेडाच असतो. ज्या पुस्तकानें इतक्यांना दुखविलें, तें असें क्रुसाच्या पायथ्याशीं जाऊन थांबतें.

लूव्हेन येथील मार्टिन डॉर्प ह्या तरुण पंडितानें १५१४ सालीं इरास्मसाला पत्र लिहून दुःख व्यक्त केलें. पंडितांची थट्टा एक वेळ सोसवेल. परंतु ख्रिस्ताच्या व स्वर्गसुखाच्या संबंधांत मूर्खपणा हा शब्द वापरणें भाविकांस घातक आहे, असा त्याचा आक्षेप होता. इरास्मसानें न रागावतां लांबलचक उत्तर दिलें : आपण कोणाचेंही नांव घेऊन त्याला दुखविलें नाहीं, हा शब्द पौलाचाच आहे, आणि कडू औषध मधांत कालवून दिलें तर रोगी तें घेतो, तरीही हें पुस्तक छापल्याचा कांहीं अंशीं पस्तावा होतो, हेंही त्यानें कबूल केलें. मोरानेंही डॉर्पला पत्र लिहिलें. पुढें डॉर्पचें मत पालटलें व तो इरास्मसाचा मित्र झाला. १५२५ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या थडग्यावरील लेख इरास्मसानेंच रचिला. वाद असा मिटूं शकतो.

सर्वच थट्टा इतकी सौम्य नव्हती. १५१३ सालीं पोप जूलियस वारल्यावर एक निनांवी संवाद हातोहात फिरूं लागला. त्यांत चिलखत घातलेला पोप स्वर्गाच्या दाराशीं येतो. त्याची किल्ली लागत नाहीं, पेत्र त्याला ओळखीत नाहीं, आणि तो पेत्रालाच बहिष्काराचा धाक घालितो. इरास्मसानें हें लिखाण आपलें म्हणून कधीं पत्करिलें नाहीं. परंतु तें त्याचेंच असावें, असें बहुतेक अभ्यासक मानितात. सांगितलेली गोष्ट खरी असूनही तिच्याखालीं आपलें नांव घालण्याचें धैर्य नसणें, हा दोष येथें दिसतो.

नव्या कराराचें ग्रीक पुस्तक

इरास्मसाचें सर्वांत मोठें काम हंसण्याचें नव्हतें. १५१६ च्या मार्च महिन्यांत स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरीं फ्रोबेन ह्याच्या छापखान्यांतून त्यानें ग्रीक नवा करार, शेजारीं स्वतःचें लॅटिन भाषांतर व मागें टीपा, असा ग्रंथ प्रसिद्ध केला. छापून विक्रीस आलेला हा पहिलाच ग्रीक नवा करार होय. काम घाईचें झालें, हस्तलिखितें थोडीं होतीं व मुद्रणदोष पुष्कळ राहिले. प्रकटीकरणाच्या एकुलत्या हस्तलिखिताचें शेवटचें पान गळालें होतें. तेव्हां अखेरचीं सहा वचनें त्यानें लॅटिनवरून स्वतःच ग्रीक भाषेंत उतरविलीं.

ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें आपली इच्छा सांगितली. स्त्रियांनीं शुभवर्तमान वाचावें, तें सर्व भाषांत जावें, तुर्कांनाही तें कळावें; शेतकऱ्यानें नांगराच्या मागें, कोष्ट्यानें मागावर व वाटसरूनें रस्त्यानें तें गुणगुणावें. त्या काळीं शास्त्र साधारण लोकांच्या हातीं देणें धोक्याचें मानीत. १५१९ ची त्याची दुसरी आवृत्ति समोर ठेवून लूथरनें १५२२ सालीं जर्मन नवा करार केला. इंग्रज भाषांतरकार टिंडेल ह्याच्या १५२६ च्या नव्या कराराचाही आधार इरास्मसाचाच मूळपाठ होता. पुढें सुधारत आलेला हाच ग्रीक पाठ बंगाल्यांतील सेरामपूरच्या मिशनऱ्यांच्या वेळीं सर्वत्र प्रचलित होता, व त्यांनीं १८११ सालीं मराठी नवा करार छापिला. नांगर धरणाऱ्याच्या तोंडीं शास्त्र यावें ही त्या पंडिताची इच्छा आपल्या गांवांपर्यंत येऊन पोहोंचली, ती ह्या वाटेनें.

परंतु एकेका शब्दावरून केवढा गहजब झाला पाहा. योहानाच्या आरंभीं ज्याला आपण शब्द म्हणतों, त्यासाठीं जुन्या लॅटिन पुस्तकांत सुटा एक शब्द दाखविणारें पद होतें. इरास्मसानें दुसऱ्या आवृत्तींत त्याऐवजीं भाषण अशा अर्थाचें पद घातलें. तर्तुल्यन व सिप्रियन ह्या प्राचीन गुरूंनींही तेंच वापरलें होतें. तरी व्यासपीठांवरून ओरड झाली कीं, हा मनुष्य योहानाचें शुभवर्तमान दुरुस्त करूं पाहतो! बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या हांकेचा अर्थ लोक प्रायश्चित्त करा असा घेत. मूळ ग्रीक शब्द मनाचा पालट सुचवितो, हें इरास्मसानें दाखविलें. ह्यावरून याजकानें नेमून दिलेला दंड भोगणें वेगळें व अंतःकरण फिरणें वेगळें, हें पुष्कळांना उमगलें.

सर्वांत कठीण वाद योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायाविषयीं झाला. स्वर्गांत साक्ष देणारे तिघे, असें सांगणारें वाक्य लॅटिन पुस्तकांत होतें. परंतु इरास्मसाला तें एकाही ग्रीक हस्तलिखितांत आढळलें नाहीं, म्हणून पहिल्या दोन आवृत्त्यांत त्यानें तें गाळिलें. लगेच इंग्लंडांतील एडवर्ड ली व स्पेनांतील स्टूनिका ह्यांनीं त्याच्यावर त्रैक्य नाकारण्याचा आरोप ठेविला. पुढें तें वाक्य असलेलें एक ग्रीक हस्तलिखित ब्रिटनांत निघालें, आणि निंदेला जागा उरूं नये म्हणून १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तींत त्यानें तें घातलें. मात्र आपला संशय टीपेंत नोंदविला. आज बहुतेक नव्या भाषांतरांत तें वाक्य मूळ मजकुरांत नसतें, आणि तरीही मंडळ्या त्रैक्यावर विश्वास ठेवितात. शास्त्र काळजीपूर्वक तपासणारा मनुष्य शास्त्राचा शत्रु नसतो, हा धडा शिकावयास मंडळीला पुष्कळ काळ लागला.

ह्याच दिवसांत त्यानें एका पत्रांत एका अडाणी याजकाची गोष्ट सांगितली. तो पूजेंतील सुम्प्सिमुस ह्या लॅटिन शब्दाऐवजीं वीस वर्षें मुम्प्सिमुस असें म्हणत आला होता. चूक दाखविली तेव्हां तो म्हणाला कीं, नव्या शब्दासाठीं मी माझा जुना मुम्प्सिमुस सोडणार नाहीं. वाचकहो, असा एखादा मुम्प्सिमुस आपल्याही मंडळींत असेल. त्याला हंसण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या तोंडीं कोणता बसला आहे, तें पाहावें.

लूथरशीं वाद

१५१७ सालीं लूथरनें माफीपत्रांच्या व्यापाराविरुद्ध आवाज उठविला. इरास्मसानें घातलेलें अंडें लूथरनें उबविलें, असें लोक म्हणूं लागले. १५२० सालीं सॅक्सनीचा अधिपति फ्रेडरिक ह्यानें कोलोन येथें लूथरविषयीं मत विचारलें, तेव्हां इरास्मस म्हणाला कीं, लूथरचे अपराध दोन : त्यानें पोपच्या मुकुटाला व मठवाशांच्या पोटाला हात घातला. हा विनोद सर्वत्र पसरला. परंतु मंडळीचे तुकडे व्हावेत हें इरास्मसाला नको होतें. आपल्या अंगीं रक्तसाक्षी होण्याचें बळ नाहीं, दंगल झालीच तर आपल्या हातून पेत्रासारखें होईल, हें त्यानें एका मित्राला प्रांजळपणें लिहिलें.

दोन्हीकडून दडपण आल्यावर १५२४ सालीं त्यानें मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलें. लहान मूल अजून चालावयास शिकतें आहे. बाप त्याला फळ दाखवितो, पडल्यावर उचलितो, हात धरून नेतो, आणि अखेर तें फळ त्याच्या हातीं देतो. मुलाचा भाग अगदीं थोडा. तरी त्यानें पाऊल टाकिलें हें खरें. देवाची कृपा व मनुष्याचा होकार ह्यांचा संबंध असा आहे, असें त्याचें म्हणणें. लूथरनें पुढच्याच वर्षीं उत्तर दिलें कीं, मनुष्याची इच्छा ओझ्याच्या जनावरासारखी आहे. देव वर बसला तर ती देवाकडे जाते, सैतान बसला तर सैतानाकडे. तरी इतरांनीं किरकोळ गोष्टींवर वाद केला, तूं मात्र मुळाशीं हात घातलास, अशी शाबासकीही त्यानें इरास्मसाला दिली. पुढें कॅल्विनचे अनुयायी लूथरच्या बाजूस राहिले, आणि वेस्लीचे अनुयायी मनुष्याच्या होकाराला महत्त्व देत आले. दोन्ही मंडळ्यांत देवाचे भक्त झाले आहेत.

लूथरला इरास्मसाचें हंसणेंही आवडत नसे. देवाच्या गोष्टींत जो सारखा हंसतो, त्याचा मनापासून कशावरच विश्वास नसतो, असें त्याला वाटे. हा आक्षेप हलका नाहीं. कांहीं माणसें सत्य सांगण्यासाठीं हंसतात, व कांहीं सत्य टाळण्यासाठीं. बाहेरून दोघांचें तोंड सारखेंच दिसतें.

जहाज व प्रवास

इरास्मसाची वृत्ति कोणती होती, हें त्याच्या संवादांवरून कळतें. १५२३ सालच्या एका संवादांत वादळांत सांपडलेल्या जहाजाचें वर्णन आहे. सगळे लोक आपापल्या संताला नवस करितात. एकजण पॅरिसच्या संत ख्रिस्तोफराला त्याच्या प्रचंड पुतळ्याएवढी मेणबत्ती मोठ्यानें ओरडून कबूल करितो. शेजारी म्हणतो, एवढें मेण तूं आणणार कोठून? तेव्हां तो संताला ऐकूं जाऊं नये म्हणून हळूच सांगतो कीं, एकदां जमिनीला पाय लागूं दे, मग मी चरबीची मेणबत्तीही देणार नाहीं. त्याच जहाजावर एक आई बाळाला छातीशीं धरून बसली आहे. ती ओरडत नाहीं, कोणाशीं सौदा करीत नाहीं. मनांतल्या मनांत प्रार्थना करिते. लोक तिला एका फळीवर बसवून सोडून देतात, आणि सर्वांआधीं तीच किनाऱ्याला लागते. थट्टा कोणाची व आदर कोणाचा, हें येथें लख्ख दिसतें.

१५२६ च्या दुसऱ्या एका संवादांत यात्रेकरूंची थट्टा आहे : ख्रिस्ताच्या क्रुसाचे तुकडे म्हणून ठिकठिकाणीं दाखविलेलें लांकूड एकत्र केलें तर मालाचें जहाज भरेल! त्यांतच मरियेनें लिहिलेलें एक कल्पित पत्र आहे. सैनिक लूट मागतो, जुगारी डाव मागतो, अशा निर्लज्ज नवसांतून सुटका केल्याबद्दल ती सुधारकांचे आभार मानिते. पण आतां देवळांत एक दिवाही कोणी लावीत नाहीं, अशी तक्रार करिते, आणि मला बाहेर काढाल तर माझ्या पुत्रालाही काढावें लागेल, असें बजाविते. येथें दोन्ही पक्षांना चिमटा बसला. दुसऱ्याच्या घरांतील केर दाखविला तेव्हां हंसलेले आमचे सुधारक पूर्वज, आपल्या घराची पाळी आली तेव्हां रागावले.

अग्नीची छाया

हे सर्व केवळ शब्दांचे खेळ नव्हते. पॅरिसच्या धर्मपीठानें १५२६ सालीं त्याचे संवाद दूषित ठरविले. लुई द बेर्कां नांवाच्या फ्रेंच सरदारानें इरास्मसाचीं पुस्तकें आपल्या भाषेंत उतरविलीं. शत्रूंना डिंवचूं नका, असें इरास्मसानें त्याला पुनःपुन्हां कळविलें. परंतु तो माघार घेईना. १७ एप्रिल १५२९ रोजीं त्याला पॅरिसमध्यें जाळण्यांत आलें. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील गहूं व निदण ह्यांच्या दाखल्याचा अर्थ सांगतांना इरास्मसानें लिहिलें होतें कीं, निदण लगेच उपटूं पाहणारे चाकर म्हणजे पाखंड्यांना ठार करूं इच्छिणारे लोक. धनी तर कापणीपर्यंत थांबावयास सांगतो, कारण आजचें निदण उद्यां गहूं होऊं शकतें. हा अर्थही पंडितांनीं दोषी ठरविला. १५५३ सालीं जिनीव्हा येथें सर्व्हेटस ह्याला देवनिंदक म्हणून जाळिलें, तें सुधारकांच्या शहरांत. त्यानंतर कास्टेल्यो नांवाच्या गृहस्थानें अशा शिक्षेविरुद्ध पुस्तक काढिलें, तेव्हां इरास्मसाचे उतारे त्यांत घेतले.

१५२९ सालीं बाझेल शहरांत लोकांनीं देवळांतील मूर्ति फोडिल्या. एवढे चमत्कार करणाऱ्या संतांनीं आपल्या बचावासाठीं एकही केला नाहीं, ह्याचें नवल वाटतें, असें इरास्मसानें एका मित्राला लिहिलें; परंतु तो तेथें राहिला नाहीं, फ्रायबुर्ग येथें निघून गेला. १५३५ सालीं त्याचा जिवलग मित्र मोर ह्याचा हेन्री राजानें शिरच्छेद केला. ह्याच सुमारास पोप तिसरा पॉल त्याला कार्डिनल करूं पाहत होता. तो मान त्यानें नाकारिला. उपदेशकांसाठीं एक मोठा ग्रंथ पुरा करून तो बाझेल येथें परतला, आणि १५३६ च्या जुलै महिन्यांत वारला. जन्मभर लॅटिन बोलणाऱ्या त्या पंडितानें शेवटीं लहानपणच्या डच भाषेंत देवाला हांक मारिली. प्रॉटेस्टंट झालेल्या त्या शहरानें ह्या रोमन याजकास आपल्या मुख्य देवळांत सन्मानानें मूठमाती दिली. त्याच्या मिळकतीचा मोठा भाग म्हातारे, आजारी, गरीब मुलींचीं लग्नें व होतकरू विद्यार्थी ह्यांस गेला. १५५९ सालीं पोप चवथा पॉल ह्यानें त्याचीं सर्व पुस्तकें निषिद्ध ठरविलीं. त्यापूर्वीं बारा वर्षें इंग्लंडांत, त्यानें केलेलें शुभवर्तमानांचें सुलभ विवरण प्रत्येक मंडळींत ठेवावें, असा हुकूम निघाला होता.

आम्हीं काय शिकावें

इरास्मस निर्दोष नव्हता. यहुदी लोकांविषयीं त्यानें जें कठोर लिहिलें, तें ख्रिस्ताच्या शिष्यास शोभणारें नाहीं. आजारी व निर्धन झालेला हुटेन हा जुना मित्र बाझेलला आला असतां, बदनामीच्या भीतीनें त्यानें त्याची भेटही टाळली. बलवानांवर हंसला तेव्हां त्याचा विनोद औषध झाला. दुबळ्यांवर उलटला तेव्हां तेंच विष झालें.

ह्यावरून थट्टा पारखण्याच्या तीन खुणा निघतात. पहिली : हंसणारा स्वतःला हंसतो काय? मूर्खतेच्या यादींत इरास्मसाचें स्वतःचें नांव होतें. दुसरी : थट्टा कोणावर पडते? डोईजड झालेल्यावर कीं आधींच वांकलेल्यावर? तिसरी : हंसणें थांबल्यावर मनुष्य कोठें उभा असतो? क्रुसाजवळ कीं क्रुसापासून दूर? इरास्मस मुख्यत्वें आपल्याच घरांतील केरावर हंसला. आमच्यापैकीं कोणी शेजाऱ्याच्या देवदेवतांची बाजारांत टिंगल करून टाळ्या मिळवीत असेल, आणि स्वतःच्या मंडळीवर कोणी एक शब्द बोलतांच देवनिंदेची आरोळी ठोकीत असेल, तर त्यानें ह्या तीन खुणा प्रथम स्वतःस लावाव्या.

आणि कोणी खरोखरच आपल्या प्रभूची थट्टा केली तर? प्रभूला कांट्यांचा मुकुट घालून, गुडघे टेकून शिपायांनीं थट्टाच केली होती. त्यानें आकाशांतून अग्नि मागविला नाहीं. त्यांच्यासाठीं क्षमा मागितली. निदण उपटावयास निघालेल्या चाकरांनीं आपल्या धन्याची ही रीति विसरूं नये.